पायांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि चालण्याची शक्ति

चालणें ही विद्या आपण इतक्या लहानपणीं शिकतों कीं, ती आपणांस येते याची आठवणही पुढें राहत नाहीं. ती कमी होऊं लागली म्हणजे मात्र तिची किंमत कळते. घरांतील वडील माणूस पूर्वीं देवळापर्यंत जात असे, मग चौकापर्यंत जाऊं लागलें, मग अंगणांतच बसूं लागलें. आणि विचारलें तर "आतां वय झालें" एवढेंच उत्तर मिळतें. घरचीं माणसेंही तें मान्य करितात. पण पुष्कळ वेळां हें उत्तर खरें नसतें. वयाच्या नांवाखालीं एक निश्चित रोग लपलेला असतो. तो ओळखतां येतो, मोजतां येतो आणि बऱ्याच अंशीं आटोक्यांत ठेवतां येतो. पायांच्या रोहिण्या अरुंद होण्याचा हा रोग. त्यांत मोठ्या रोहिण्यांइतकाच लहान, डोळ्यांस न दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांचा भाग कसा असतो, हें आज आपणांपुढें मांडण्याचें मीं योजिलें आहे. मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहें. तेव्हां औषध सांगण्याचा अधिकार माझा नाहीं. समजलेली गोष्ट समजावून देणें एवढाच माझा व्यवसाय.

प्रथम लक्षण पाहूं. मनुष्य चालूं लागतो तेव्हां त्यास कांहीं त्रास नसतो. दोनशें-तीनशें पावलें गेल्यावर पोटरी आवळल्यासारखी होते, भरून येते, दुखूं लागते. तो थांबतो. उभ्या उभ्याच दोन ते पांच मिनिटांत दुखणें नाहींसें होतें. पुन्हां चालूं लागला कीं जवळजवळ तितक्याच अंतरावर तें पुन्हां हजर! कोणाची मांडी दुखते, कोणाचे कुल्ले. पण नियम तोच. श्रमानें येणें, विश्रांतीनें जाणें आणि ठराविक अंतरावर परत येणें, या तीन खुणा ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत.

गंमत अशी कीं, या विकाराचें पहिलें चांगलें वर्णन माणसाचें नसून घोड्याचें आहे. १८३१ सालीं बुले नांवाच्या एका फ्रेंच पशुवैद्यानें असा एक घोडा पाहिला कीं, जो थोडा धांवल्यावर मागच्या पायांनीं लंगडूं लागे आणि विसावा मिळतांच पूर्ववत् होई. घोडा मेल्यावर तपासतां मागच्या पायांकडे जाणाऱ्या रोहिण्या बंद झालेल्या आढळल्या. पुढें १८५८ सालीं शार्को या विख्यात फ्रेंच वैद्यानें माणसांतही हाच प्रकार होतो हें दाखविलें. लंगडणें या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पाश्चात्य वैद्यकांत या लक्षणास नांव पडलें. आपण त्यास 'थांबत-लंगडणें' म्हणूं.

पाय दुखण्याचीं कारणें अर्थातच पुष्कळ आहेत. गुडघ्याची झीज झाली असेल तर पहिल्याच पावलास किंवा जिना उतरतांना दुखतें. त्यास ठराविक अंतराची वाट पाहावी लागत नाहीं. पाठीच्या कण्यांत नसा दबल्या असतील तर नुसतें उभें राहिल्यानेंही पाय दुखतात आणि खालीं बसल्याशिवाय किंवा पुढें वांकल्याशिवाय बरें वाटत नाहीं. असा मनुष्य सायकलवर किंवा हातगाडीवर रेलून मैलभर जाऊं शकतो. रोहिणीच्या रोगांत मात्र उभें राहिलें तरी पुरे. बसण्याची गरज नसते. तथापि एक सावधगिरी अवश्य आहे. हा रोग असलेल्या माणसांपैकीं निम्म्याहून पुष्कळच कमी जणांत असें पुस्तकी लक्षण आढळतें. बाकीच्यांस पाय जड वाटणें, थकवा येणें, चाल मंदावणें एवढेंच जाणवतें. कित्येक तर दुखूं नये म्हणून न कळत चालणेंच कमी करितात आणि मग आपणांस कांहीं त्रास नाहीं असें सांगतात.

आतां हा प्रकार कां होतो तें पाहूं. आमचें बेंबळी गांव धाराशिव तालुक्यांतलें. आमच्याकडे पाण्याची टंचाई नवी नाहीं, त्यामुळें रक्ताच्या वाटपाची गोष्ट पाण्याच्या वाटपावरून सांगणें मला सोपें जातें. धरणांतून कालवा निघतो, कालव्यास वितरिका फुटतात, वितरिकेस चाऱ्या, चारीस शेतांतले पाट, आणि पाटांतून पाणी शेवटीं वाफ्यांत शिरतें. पीक पाणी पितें तें वाफ्यांत, कालव्यांत नव्हे. शरीरांतही तसेंच आहे. हृदयापासून निघालेली महारोहिणी पोटांत दुभंगते; तिची एकेक शाखा जांघेंतून मांडींत, तेथून गुडघ्यामागें आणि तेथून तीन वाटांनीं पोटरींत व पावलांत जाते. या मोठ्या रोहिण्या म्हणजे कालवे व वितरिका. त्यांस अधिकाधिक बारीक फांटे फुटत शेवटीं केशवाहिन्या होतात. रक्तांतील प्राणवायु स्नायूस मिळतो तो या केशवाहिन्यांच्या भिंतींतून. मोठी रोहिणी स्नायूला कांहींच देत नाहीं. ती फक्त वाहून नेते.

इंग्लंडांतील विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं रक्त शरीरांत फिरतें हें सिद्ध केलें. पण रोहिणींतलें रक्त नीलेंत कोणत्या वाटेनें जातें, हें त्यास दिसूं शकलें नाहीं. हार्वेच्या मृत्यूनंतर, १६६१ सालीं, इटलींतील माल्पिघी यानें सूक्ष्मदर्शकाखालीं बेडकाच्या फुप्फुसांत ती वाट प्रत्यक्ष पाहिली. त्याच केशवाहिन्या. केसावरून त्यांस नांव मिळालें खरें, पण त्या केसाहूनही फार बारीक असतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील पांच ते दहा भाग एवढीच त्यांची रुंदी. रक्तांतील तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ भागांचा. म्हणजे अरुंद बोळांतून एकामागें एक, आणि प्रसंगीं अंग चोरून, या पेशींस जावें लागतें. या दाटीमुळेंच प्राणवायु उतरून घेण्यास स्नायूस सवड मिळते.

पाट कितीही चांगला असला तरी दारें धरणारा माणूस नसेल तर पाणी भलत्याच वाफ्यांत जातें. शरीरांत दारें धरण्याचें काम केशवाहिन्यांच्या अलीकडील सूक्ष्म रोहिण्या करितात. त्यांच्या भिंतींत स्नायूचे वेढे असतात. ते आवळले कीं वाट अरुंद होते, सैल पडले कीं रुंद होते. पोटरीचा स्नायु निवांत असतां त्याच्या दर १०० ग्रॅमला मिनिटास ३ ते ४ मिलिलिटर रक्त पुरतें. तोच स्नायु जोरानें कामास लागला म्हणजे निरोगी माणसांत हा पुरवठा वीस पटींहून अधिक वाढूं शकतो. काम करणाऱ्या स्नायूंत केशवाहिन्यांचा पुरवठा कसा वाढविला जातो, याचा शोध डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोघ यांनीं लावला आणि त्याबद्दल १९२० सालचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. पुढील संशोधकांनीं त्यांच्या मतांत कांहीं दुरुस्त्या केल्या. पण स्नायूच्या गरजेप्रमाणें सूक्ष्म वाहिन्या रक्त वांटतात, हें मूळ तत्त्व कायम राहिलें.

मग या दारें धरणाऱ्यास हुकूम कोण देतो? रक्तवाहिनीच्या आंतून पेशींचें एक अतिशय पातळ अस्तर असतें. पुष्कळ काळ त्यास केवळ गुळगुळीत लेप समजत असत. १९८० सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट फर्चगॉट यांनीं दाखविलें कीं, हें अस्तर स्वतः एक द्रव्य सोडतें व त्यामुळें वाहिनी सैल होते. तें द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नांवाचा साधा वायु निघाला. फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांस १९९८ सालीं याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. रक्त वेगानें वाहूं लागलें म्हणजे अस्तरावर त्याचें घर्षण वाढतें. तें घर्षण जाणून अस्तर हा वायु सोडतें आणि वाट रुंद होते. मधुमेह, तंबाखू, रक्तदाब आणि रक्तांतील फाजील कोलेस्टेरॉल हीं चारही या अस्तराचे वैरी. अस्तर आजारी पडलें कीं दारें उघडण्याचा हुकूम वेळेवर सुटत नाहीं.

आतां रोगाकडे येऊं. मोठ्या रोहिणीच्या भिंतींत चरबी व चुन्याचे थर बसून ती अरुंद होते. अरुंद होण्याचा परिणाम किती, हें गणितानें पाहण्यासारखें आहे. प्वाझेय या फ्रेंच शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बारीक नळ्यांतील प्रवाहाचा नियम काढला. इतर गोष्टी सारख्या असतां नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाहीं, सोळावा हिस्सा होतो. जिवंत शरीरांत हा नियम तंतोतंत लागू पडत नाहीं. कारण अडथळ्याच्या बाजूनें लहान फांटे मोठे होऊन रक्त वळसा घालून पुढें जातें. तरी थोड्या अरुंदपणानेंही केवढी हानि होते याची कल्पना यावरून येईल.

इतकें असून बसलेल्या माणसाचा पाय दुखत कां नाहीं? कारण खालच्या सूक्ष्म रोहिण्या आपलीं दारें आधींच उघडून ठेवितात. वरून पाणी कमी आलें म्हणजे शेतकरी सगळीं दारें मोकळीं सोडतो, तसेंच हें. निवांतपणीं तेवढ्यावर भागतें. पण चालूं लागल्यावर स्नायूस कित्येक पट रक्त पाहिजे असतें, आणि उघडण्यास दार तर उरलेलें नसतें! शिल्लक आधींच खर्च झालेली असते. मग प्राणवायूवांचून स्नायु कसाबसा काम ओढतो, त्यांत टाकाऊ द्रव्यें सांचतात आणि पोटरी ओरडून सांगते कीं, थांबा. थांबल्यावर मागणी उतरते, उधारी फिटते आणि दुखणें जातें.

हा रोग मोजण्याची रीति फार सोपी आहे. दंडाचा रक्तदाब घ्यावयाचा, घोट्याचा घ्यावयाचा आणि घोट्याच्या आंकड्यास दंडाच्या आंकड्यानें भागावयाचें. दंडाचा वरचा दाब १४० आणि घोट्याचा ९८ असेल, तर भागाकार ०.७० येतो. निरोगी माणसांत हा आंकडा १.०० ते १.४० असतो. ०.९० किंवा त्याहून कमी आला तर रोहिणी अरुंद आहे असें समजतात, ०.४० च्या खालीं गेला तर रोग गंभीर. मधुमेही व मूत्रपिंडाचे रोगी यांच्या रोहिण्या कधीं कधीं इतक्या कठीण होतात कीं पट्ट्यानें त्या दबतच नाहींत. मग आंकडा १.४० च्या वर जातो आणि रोग असून तो नसल्याचा भास होतो. अशांच्या पायाच्या अंगठ्याचा दाब घेतात. कारण बोटांतील लहान रोहिण्या सहसा तशा कठीण होत नाहींत.

येथपर्यंत गणित सरळ दिसतें. पण येथेंच एक कोडें आहे. समजा, दोन गृहस्थ आहेत. दोघांचाही आंकडा ०.६५. हिशेबाप्रमाणें दोघांनींही सारखेंच चालावयास पाहिजे. प्रत्यक्षांत एक बाजारांतून भाजी घेऊन येतो आणि दुसरा शंभर पावलांवर थांबतो. घोट्याच्या दाबाचा व चालण्याच्या अंतराचा संबंध आहे. पण तो सैल आहे, असें संशोधकांस वारंवार आढळून आलें. कां? कारण घोट्याचा दाब वितरिकेचें माप सांगतो. वाफ्यांत काय चाललें आहे तें सांगत नाहीं. पोटरीच्या स्नायूचा सुईनें काढलेला लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां, या रोग्यांत केशवाहिन्यांची संख्या कमी आढळते, आणि ज्यांत ती अधिक कमी, त्यांची चालण्याची शक्तिही कमी असते. अस्तर रुग्ण असल्यानें दारें उशिरां उघडतात. शिवाय स्नायूंतील ज्या सूक्ष्म भट्ट्यांत प्राणवायु जाळून शक्ति निर्माण होते, त्याही बिघडतात. म्हणजे पाणी वाफ्यांत पोहोंचलें तरी पिकास तें नीट पितां येत नाहीं.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. कालव्यांतला गाळ काढला म्हणून शेवटच्या वाफ्यास पाणी पोहोंचेलच असें नाहीं. अमेरिकेंत या प्रश्नाची परीक्षा झाली. तिचा निकाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. पोटांतील महारोहिणी व तिच्या शाखा अरुंद झालेल्या १११ रोग्यांचे गट केले होते. कांहींस केवळ औषधें, कांहींस औषधांबरोबर देखरेखीखालीं चालण्याचा व्यायाम आणि कांहींस रोहिणींत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसविली. सहा महिन्यांनीं फिरत्या पट्ट्यावरील चालण्याची वेळ व्यायामाच्या गटांत सर्वांत अधिक वाढली. नवल असें कीं, घोट्याचा दाब सुधारला तो स्टेंटच्या गटांत. व्यायामाच्या गटांत सुधारला नाहीं. दाब न वाढतां चाल वाढली! रास्तपणासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, आपल्या दैनंदिन सुखाविषयीं रोग्यांनीं स्वतः दिलेल्या अभिप्रायांत स्टेंटचा गट सरस ठरला. तेव्हां शस्त्रक्रिया निरुपयोगी, असा अर्थ कोणीं काढूं नये. पाय वांचविण्याचा प्रसंग असेल तेव्हां तर बंद रोहिणी उघडणें हाच मार्ग. पण केवळ चालण्याचें अंतर वाढवावयाचें असेल तर नळी मोठी करण्याइतकेंच शेवटच्या टोकाचें काम महत्त्वाचें, एवढें यावरून ठरतें.

मग हा व्यायाम कसा करावयाचा? शहाण्या डॉक्टरांची चिठ्ठी साधारण अशी असते. आठवड्यांतून निदान तीन दिवस, प्रत्येक वेळीं ३० ते ४५ मिनिटें, सपाट जागीं चालावें. पोटरी बऱ्यापैकीं दुखूं लागेपर्यंत जावें, मग थांबावें, दुखणें पूर्ण गेलें कीं पुन्हां निघावें. असें किमान १२ आठवडे न चुकतां करावें. दुखूं लागण्याच्या आधींच थांबलें तर कसें? ही शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तरही परीक्षेनें मिळालें आहे. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत ३०५ रोगी वर्षभर घरींच चालत होते. जे दुखेल इतक्या वेगानें चालले, त्यांचें सहा मिनिटांत चालण्याचें अंतर सुमारें ३४ मीटर वाढलें. जे दुखणें टाळून सावकाश चालले, त्यांचें मुळींच वाढलें नाहीं. पोटरीचें हें दुखणें म्हणजे इजा नव्हे. उपाशी स्नायूची ती मागणी आहे, आणि त्या मागणीमुळेंच नवे पाट पाडण्याचें काम सुरू होतें. कांहीं अभ्यासांत व्यायाम सुरू केल्यापासून थोड्याच आठवड्यांत पोटरींतील केशवाहिन्यांची संख्या वाढलेली दिसली. श्रमशक्ति वाढली ती त्यानंतर. आधीं वाफ्यांची सोय, मग पीक!

घरच्या घरीं प्रगति मोजण्याची युक्ति सांगतों. रस्त्यावरील विजेचे खांब मोजावे किंवा गच्चीवर फेऱ्या मोजाव्या. दुखणें कोणत्या खांबाशीं सुरू झालें व थांबावें कोठें लागलें, हे दोन आंकडे रोज वहींत लिहावे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस सहा मिनिटांत किती अंतर गेलें तें घड्याळ लावून पाहावें. उत्साह बाराव्या दिवशीं मावळतो, हा माझा शिक्षकीचा अनुभव. वहींतले आंकडे त्यास पुन्हां जागा करितात. मात्र छातींत दुखणें, बसल्या जागीं पाय दुखणें किंवा पायावर जखम यांपैकीं कांहीं असेल, तर डॉक्टरांस विचारल्याशिवाय हा व्यायाम सुरू करूं नये. ज्याच्या पायांत थर बसले, त्याच्या हृदयाच्या व मेंदूच्या रोहिण्यांतही ते बसलेले असण्याचा संभव मोठा. म्हणूनच रक्त गोठूं न देणारीं व कोलेस्टेरॉल उतरविणारीं औषधें डॉक्टर देतात. तीं पायासाठीं जितकीं, तितकींच जिवासाठीं असतात. पाय दुखावयाचा थांबला म्हणून तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत.

आतां कारणांपैकीं दोन मोठ्या कारणांविषयीं. पहिलें तंबाखू. २०१६-१७ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपांत तंबाखू घेत असल्याचें आढळलें. ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे किंवा दांतांस लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्याकडे तंबाखू म्हटला कीं बिडीपेक्षां चुना-तंबाखूची चिमूट आणि मिश्री यांचाच विचार आधीं करावयास पाहिजे. सकाळीं मिश्री लावणाऱ्या आजीबाई स्वतःस तंबाखूच्या व्यसनी समजत नाहींत; पण निकोटीन हिरडींतूनही रक्तांत जातें आणि सूक्ष्म रोहिण्या आवळतें. बिडी-सिगारेटचा धूर तर याहून घातक, आणि त्याचा पायाच्या रोगाशीं संबंध निर्विवाद आहे. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनीं १९०८ सालीं वर्णिलेला एक रोग तर तंबाखूवांचून क्वचितच दिसतो. तो हातापायांच्या लहान व मध्यम रक्तवाहिन्यांवर तुटून पडतो, आणि बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांत आपल्या देशांत आढळतो. तिशी-चाळिशींतील कर्त्या माणसाचीं बोटें त्यांत जातात. त्यावर सर्वांत मोठें औषध एकच: तंबाखू पूर्णपणें सोडणें. कमी करून चालत नाहीं.

दुसरें कारण मधुमेह. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणें देशांतील ११.४ टक्के प्रौढांस मधुमेह आहे. लठ्ठ माणसासच तो होतो, हा समज आपल्याकडे खरा ठरत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालकें यांचा अभ्यास आरंभिला. त्यांस असें दिसलें कीं, इंग्लंडांतील बालकांहून आपलीं बालकें वजनानें बरींच हलकीं असलीं तरी त्यांच्या अंगांतील चरबी त्या मानानें जास्त असते. अशा सडपातळ दिसणाऱ्या देहांतही मधुमेहाचें बीज असतें. चेन्नई शहरांतील एका पाहणींत, जी २००० सालीं प्रसिद्ध झाली, पायाच्या रोहिण्यांचा रोग एकंदर प्रौढांपैकीं ३.२ टक्के लोकांत, पण मधुमेहींपैकीं ६.३ टक्के लोकांत आढळला.

मधुमेह मोठ्या रोहिणीवर घाला घालतोच. शिवाय डोळा, मूत्रपिंड आणि नसा यांच्या सूक्ष्म वाहिन्याही बिघडवितो. हीं दोन संकटें एकत्र आलीं म्हणजे काय होतें, हें अमेरिकेंतील सुमारें सव्वा लाख माजी सैनिकांच्या अभ्यासांत २०१९ सालीं दिसून आलें. ज्यांस यांपैकीं कांहींच नव्हतें, त्यांच्या मानानें पाय कापावा लागण्याचा धोका केवळ सूक्ष्म वाहिन्यांचा रोग असलेल्यांत ३.७ पट, केवळ मोठ्या रोहिण्यांचा रोग असलेल्यांत १३.९ पट, आणि दोन्ही असलेल्यांत २२.७ पट आढळला. तेव्हां ज्या मधुमेही माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर रोगाची खूण दिसली, त्यानें आपले पायही तपासून घेतले पाहिजेत. डोळा आणि पाऊल हीं एकमेकांपासून दूर असलीं तरी रोग तोच.

मधुमेहींत नसा बधिर झाल्या कीं दुखणें ही धोक्याची घंटाच वाजत नाहीं. खडा रुततो, काटा मोडतो, चटका बसतो आणि कळत नाहीं. आणि रक्त कमी असल्यानें जखम भरत नाहीं. आमच्या जिल्ह्यांत आई तुळजाभवानीचें स्थान. कोजागिरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुरापर्यंत सुमारें ४५ किलोमीटर हजारों भाविक पायीं येतात, कित्येक अनवाणी. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं चालण्याचा नवस अवश्य फेडावा. पण मऊ तळाची, मापाची चप्पल घालून फेडावा. घरींही अनवाणी वावरूं नये. रोज रात्रीं तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहाव्या. स्वतःस दिसत नसतील तर नातवंडास दाखवाव्या किंवा आरसा जमिनीवर ठेवून पाहाव्या. कुरूप पात्यानें कापूं नये. थंडींत गार पडलेल्या पायास शेगडीचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देण्याची आपली चाल आहे, ती येथें घातक ठरते. रक्त आणून ती उष्णता पसरविण्याची शक्ति त्या पायांत नसते, आणि कातडें भाजून निघतें. लोंकरीचे पायमोजे पुरेत.

शेवटीं धोक्याच्या खुणा सांगतों; या लिहून ठेवण्यासारख्या आहेत. रात्रीं अंथरुणावर पावलाचा पुढचा भाग दुखतो आणि पाय खाटेखालीं लोंबता सोडला कीं बरें वाटतें. बोटावर किंवा टांचेवर जखम होऊन दोन आठवड्यांत भरत नाहीं. बोट निळें-काळें पडूं लागतें. यांपैकीं एकही दिसलें तर दिवस मोजीत बसूं नये. आणि पाय अकस्मात् गार, पांढराफटक, बधिर होऊन असह्य दुखूं लागला तर तास मोजावे. रक्त पूर्ण अडल्यापासून सुमारें सहा तासांच्या आंत उपचार झाला तर पाय वांचण्याची आशा चांगली. पुढें ती झपाट्यानें मावळते. खेड्यांतून जिल्ह्याच्या ठिकाणीं, आणि तेथून सोलापूर किंवा लातूरसारख्या मोठ्या शहरीं जावयाचें, तर वाटेंतच निम्मा वेळ जातो. म्हणून गाडी कोणाची, रुग्णालय कोणतें, हें आधींच ठरलेलें असावें. "सकाळीं पाहूं" या दोन शब्दांनीं कित्येक पाय गेले आहेत.

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांचे आईवडील गांवीं राहत असतील, कांहींचे आपल्याच घरांत असतील. पुढच्या खेपेस त्यांची भेट होईल तेव्हां प्रकृति कशी आहे, असें मोघम विचारूं नका. "आतां किती लांब चालवतें? कोठें थांबावें लागतें? थांबल्यावर किती वेळांत बरें वाटतें?" असें विचारा. त्यांचीं पावलें हातांत घेऊन पाहा, दोन्ही सारखींच उबदार आहेत कीं एक गार आहे. उत्तर संशयास्पद वाटलें तर डॉक्टरांकडे नेऊन दंडाचा व घोट्याचा दाब मोजून घ्या. खर्च थोडा आणि वेळ पंधरा-वीस मिनिटांचा. आणि रोग निघालाच, तर त्यांस खुर्चींत बसवून ठेवूं नका; डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यांच्याबरोबर चाला, थांबा, पुन्हां चाला. स्वतःच्या पायांनीं देवळापर्यंत, वाचनालयापर्यंत, शेजाऱ्याच्या ओट्यापर्यंत जातां येणें, यांतच म्हातारपणाचें स्वातंत्र्य आहे. आणि तें स्वातंत्र्य डोळ्यांस न दिसणाऱ्या त्या केशवाहिन्यांच्या आधारावर उभें आहे.